ठिपक्यांतला माणूस

गेल्या अंकांत पोथ्यांच्या वेष्टनांविषयीं लिहितांना आमच्या माळ्यावरील एका चोपडीचा मीं ओझरता उल्लेख केला होता. त्यावर दोघां-तिघां वाचकांचीं पत्रें आलीं कीं, ती चोपडी कसली, तें सांगावें. सांगण्यास जरा संकोच होता. कारण चोपडीची हकीकत सांगूं गेलें कीं घरची हकीकत सांगावी लागते. पण या सदराचे वाचक आतां घरचेच झाले आहेत, तेव्हां सांगतों.

चोपडी म्हणजे एका कापूसवाल्याकडील लाल कापडी बांधणीची जुनी खतावणी. तिच्यांतील जमाखर्चाच्या रकान्यांची पर्वा न करतां माझ्या वडिलांनीं अमेरिकन वर्तमानपत्रांतलीं व मासिकांतलीं छायाचित्रें कापून खळीनें चिकटविलीं आहेत. वडील त्या वेळीं वीस वर्षांचे, फोर्टांतील एका कचेरींत कारकून. दुसऱ्या महायुद्धांत मुंबई बंदरावर अमेरिकन सैनिक उतरत; त्यांनीं वाचून टाकलेलीं मासिकें रद्दीवाल्याकडे वजनावर मिळत. भांडुपास परत येतांना गाडींत तीं पाहावयाचीं आणि रात्रीं कंदिलाच्या उजेडांत कात्री चालवावयाची, हा वडिलांचा छंद. आजीला तो पसंत नव्हता. खळीला कणीक लागे, आणि त्या दिवसांत कणीक तोलून मिळत असे.

चित्रें युद्धकाळांतलीं असलीं तरी त्यांत तोफा आणि रणगाडे फार थोडे. बहुतेक सारीं घरगुतीच. विमानाच्या कारखान्यांत केसांना रुमाल बांधून यंत्रापाशीं उभ्या असलेल्या बायका. जुनीं भांडीं आणि झिजलेले टायर ढकलगाडींत घालून युद्धकार्यासाठीं नेणारीं मुलें. वाण्याच्या फळीपाशीं शिधापुस्तक उघडून उभी असलेली म्हातारी. अंगणांतली हिरवळ खणून तेथें कोबी लावणारा चष्मेवाला गृहस्थ. आगगाडीच्या फलाटावर सैनिक मुलाला निरोप देणारे आईबाप, आणि त्यांत बापाची नजर मुलाकडे नसून घड्याळाकडे. प्रत्येक चित्राखालीं वडिलांनीं बोरूनें एक एक ओळ लिहिली आहे. शिधापुस्तकाच्या चित्राखालीं लिहिलें आहे, "यांनाही साखर तोलूनच." कोबीच्या चित्राखालीं, "आमच्या परसांतलें अळू बरें." अमेरिकेंत साखरेचें नियंत्रण १९४२ च्या मे महिन्यांत आलें, मुंबईंत धान्याचें शिधावाटप १९४३ त सुरू झालें. तेव्हां वडिलांचा शेरा कांहीं ऐकीव नव्हता. रांगेंत उभे राहून आलेल्या माणसाचा होता.

हीं चित्रें कोणी काढलीं, हें मला पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें. माझ्या नातीनें संगणकावर शोध करून त्यांतील कांहींचा पत्ता लावून दिला. त्यांपैकीं बरींच चित्रें सरकारी नोकरींतल्या छायाचित्रकारांचीं निघालीं. रूझवेल्ट यांच्या राजवटींत, १९३५ पासून, कंगाल झालेल्या शेतकऱ्यांसाठीं काढलेल्या एका खात्यानें रॉय स्ट्रायकर नामक गृहस्थाच्या देखरेखीखालीं छायाचित्रकार देशभर फिरविले. हेतु असा कीं, शहरांतल्या लोकांना खेड्यांतली विपत्ति डोळ्यांनीं दिसावी. युद्ध आल्यावर, १९४२ त, तेंच काम युद्धविषयक माहिती देणाऱ्या सरकारी कचेरीकडे गेलें. मग विपत्तीच्या जागीं कारखाने आणि हंसरीं मुलें आलीं. या संग्रहाच्या सुमारें पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आहेत आणि त्यांवरील चित्रें घरबसल्या कोणालाही पाहतां येतात. या स्ट्रायकरमहाशयांची एक खोड मात्र मला मुळींच आवडली नाहीं. नापसंत निगेटिव्हला ते सरळ भोंक पाडीत. चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांवर मीं तांबड्या पेन्सिलीनें फुल्या मारल्या. पण फुलीखालचें अक्षर वाचतां येतें, भोंकांतून गेलेलें तोंड परत येत नाहीं.

याच खात्यांत डोरोथिया लँग नांवाच्या बाई होत्या. १९३६ च्या मार्चांत कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर त्यांनीं एका बाईचें छायाचित्र घेतलें. वय बत्तीस, गालाशीं हात, दोन पोरें दोन्ही खांद्यांआड तोंडें लपवून उभीं, मांडीवर एक तान्हें. पीक थंडीनें गेलें होतें, म्हणून काम नव्हतें. चित्र सान फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रापर्यंत पोंचलें, तळावर सरकारनें धान्य पाठविलें. पण तें येईपर्यंत ती बाई पोरांना घेऊन पुढच्या गांवीं गेलेली होती. चित्र जगभर छापलें गेलें, तरी बाईचें नांव कोणालाच माहीत नव्हतें, कारण लँगबाईंनीं तें विचारलेंच नव्हतें. नांव उजेडांत आलें तें १९७८ त, फ्लॉरेन्स थॉम्प्सन. लोक जिला गोऱ्या शेतकऱ्याची बायको समजत होते, ती मूळची चेरोकी, म्हणजे तेथल्या आदिवासी कुळांतली होती. त्या चित्रानें आपल्याला एक पैसाही मिळाला नाहीं, असें ती म्हणे, आणि तिच्या बोलण्यांत कडवटपणा असे. मला त्या कडवटपणांत कांहीं वावगें दिसत नाहीं.

नांव हरवण्याचा प्रकार कधीं कधीं चित्र काढणाराच्याही वाट्यास येतो. आपल्या मुंबईंतलें उदाहरण श्रीमती होमाय व्यारावाला यांचें. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण सर जे. जे. कलाशाळेंत. त्यांचीं पहिलीं चित्रें, बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचीं, 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्यें आलीं आणि प्रत्येकीं एक रुपया मिळाला. पुढें त्यांनीं टिपलेली युद्धकाळांतली मुंबई 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्यें येऊं लागली, पण पुष्कळदां चित्राखालीं नांव असे तें पति माणेकशा यांचें. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें, तेव्हां त्यांचें वय सत्त्याण्णव होतें. १९४२ त त्या दिल्लीस नोकरीवर गेल्या. १९४४ च्या एप्रिलांत त्या मुंबईंत नव्हत्या, याची मला उगीचच हळहळ वाटते. ती कां, तें पुढें येतेंच.

चोपडींत मध्येंच एक पान कोरें आहे. त्याच्या डोक्यावर वडिलांनीं तेवढी तारीख घातली आहे: १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. खालीं चित्र नाहीं, ओळ नाहीं.

त्या दिवशीं व्हिक्टोरिया डॉकांत 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें जहाज लागलेलें होतें. पोटांत सुमारें चौदाशें टन दारूगोळा, त्याच्याच शेजारीं कापसाचे हजारों गठ्ठे, तेलाचीं पिंपें, लाकूड, आणि शिवाय सोन्याच्या १२४ विटा. ही भरती कोणाच्या अकलेनें झाली असेल ती असो. दुपारीं कापसानें पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. भूकंप नोंदविणाऱ्या सिमल्याच्या यंत्रानें तो धक्का नोंदविला. आग विझविण्यास गेलेले ६६ बंबवाले मेले; १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ अजून पाळला जातो. एकंदर मृतांचे आंकडे आठशेंपासून तेराशेंपर्यंत निरनिराळे सांगितले जातात. ज्या आंकड्यांत पांचशें माणसांचा फरक पडूं शकतो, त्यांतलीं तीं पांचशें माणसें कोणाचीं तरी असतातच.

भांडुप त्या काळीं मुंबईबाहेरचें खेडें होतें. पश्चिमेस डोंगर, पूर्वेस मिठागरें व खाडी, मधून आगगाडीचा रूळ. आजी अंगणांत कुरडया वाळत घालीत होती. पहिला आवाज झाला तेव्हां फळीवरचीं पितळी भांडीं किणकिणलीं. कोणी म्हणालें ढग, कोणी म्हणालें जपानी आले. संध्याकाळीं दक्षिणेकडे आभाळ तांबडें दिसूं लागलें. वडील रात्रीं साडेदहाला, रुळाच्या कडेनें बरेंचसें चालत, घरीं आले. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे आमचे काका, बंदरावर टॅली क्लार्क होते. सकाळीं दोघे भाऊ एकाच गाडीनें गेले होते. काका आले नाहींत. दुसऱ्या दिवशींही आले नाहींत. वडील आठवडाभर इस्पितळें आणि शवागारें पालथीं घालीत होते.

वर्तमानपत्रांतून कळावें, तर युद्धकाळाचा सेन्सॉर. या स्फोटाचा तपशील बाहेरच्या जगाला प्रथम सांगितला तो जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव नभोवाणीनें, दुसऱ्याच दिवशीं. बातमीदारांना सविस्तर वृत्तान्त धाडण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत. सुधीश घटक नांवाच्या छायाचित्रकारानें चित्रपट घेतला होता, तो लष्करी अधिकाऱ्यांनीं जप्त केला. त्यांतले कांहीं तुकडे मागाहून लोकांना दाखविण्यांत आले. वडिलांच्या चोपडींत पुढच्याच पानांवर इवो जिमा बेटावर निशाण उभारणाऱ्या अमेरिकन सैनिकांचें तें सुप्रसिद्ध चित्र आहे. जो रोझेन्थाल यानें तें १९४५ च्या २३ फेब्रुवारीस पश्चिम प्रशांत महासागरांत घेतलें. गुआमहून बिनतारी यंत्रानें तें धाडलें गेलें आणि २५ तारखेच्या रविवारीं अमेरिकेंतल्या घराघरांत न्याहारीच्या मेजावर होतें. अर्धी पृथ्वी ओलांडावयास त्या चित्राला दोन दिवस पुरले. व्हिक्टोरिया डॉकाहून भांडुप पंधरा-सोळा मैल.

यांत केवळ इंग्रजांना दोष देऊन भागत नाहीं. दाखविण्या-न दाखविण्याचा हिशेब अमेरिकनांनींही ठेवलाच होता. युद्धांत शिरून पावणेदोन वर्षें होईपर्यंत त्यांच्या नियतकालिकांत मेलेल्या अमेरिकन सैनिकाचें चित्र येत नव्हतें. न्यू गिनींतील बुना येथें वाळूंत पडलेल्या तिघांचें जॉर्ज स्ट्रॉक यानें घेतलेलें छायाचित्र कित्येक महिने अडकून पडलें, आणि 'लाइफ'च्या २० सप्टेंबर १९४३ च्या अंकांत छापलें गेलें. त्यांतही तिघांपैकीं एकाचाही चेहरा दिसत नाहीं. त्या लँगबाईंना सरकारनेंच १९४२ त जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबण्याचीं चित्रें घेण्यास नेमलें. लाखाहून अधिक माणसें घरेंदारें सोडून गेलीं. बाईंनीं चित्रें मन लावून घेतलीं; इतकीं कीं, सरकारनें तीं युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवलीं. भवभूतीच्या उत्तररामचरितांत पहिल्या अंकांतलें चित्रदर्शन वाचकांना आठवत असेल. लक्ष्मण एकेक चित्र दाखवीत जातो, आणि ऊर्मिलेपाशीं येतांच संकोचानें पुढें सरकूं पाहतो. चित्र भिंतीवर असतेंच. दाखविणारा पुढें सरकतो. सीतेनें तेथें बोट ठेवलें म्हणून आपल्याला तें कळलें.

असें बोट ठेवण्याचें काम आपल्याकडे एका इंग्रजी पत्रानें केलें, हेंही नमूद केलें पाहिजे. बंगालच्या दुष्काळांत 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनीं सरकारी नियम नीट वाचले, तेव्हां त्यांना आढळलें कीं, निर्बंध शब्दांवर आहेत, छायाचित्रांचा उल्लेख राहून गेला आहे. २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकांत त्यांनीं कलकत्त्याच्या रस्त्यांवर अन्नावांचून पडलेल्या माणसांचीं चित्रें छापलीं. सरकारला तीं झोंबलीं आणि जगाला दुष्काळ कळला. व्याकरणांत एक अक्षर गळल्यानें अनर्थ होतो, असें आम्ही शिकवीत आलों; येथें नियमांतला एक शब्द गळल्यानें थोडा अर्थ साधला.

पाठशाळेंत असतांना शास्त्रीबोवांनीं आम्हांला 'अनुपलब्धि' शिकविली. प्रत्यक्ष, अनुमान इत्यादि पांच प्रमाणांपुढें भाट्ट मीमांसक व अद्वैत वेदान्ती हें सहावें प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाहीं, यावरून तेथें घट नाहीं हें ज्ञान होतें, तें या प्रमाणानें. मात्र एक अट आहे: ती अनुपलब्धि योग्य पाहिजे. घट असता तर तो दिसलाच असता, एवढा उजेड तेथें हवा. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तो नाहीं असें ठरत नाहीं. परीक्षेपुरतें मीं हें घोकलें. त्याचा अर्थ कळला तो पुढें, काकूकडे पाहून.

काकूचें लग्न होऊन तेव्हां अकराच महिने झाले होते. वय सतरा. प्रेत सांपडलें नाहीं, कोठल्या यादींत नांव नाहीं, वर्तमानपत्रांत चित्र नाहीं. मग गेले असें कशावरून म्हणतां, हा तिचा सरळ प्रश्न होता. आमच्या आजोबांना धर्मशास्त्र येत होतें, पण या प्रश्नाला उत्तर येत नव्हतें. तिनें कुंकू पुसलें नाहीं आणि आजोबांनींही घरांतल्या कोणाला तिला टोकूं दिलें नाहीं. बारा वर्षें अशीं गेलीं. १९५६ त पालाशविधि केला. ज्याचा देह सांपडत नाहीं, त्याच्यासाठीं पळसाच्या पानांच्या ३६० देठांचा पुरुष रचतात आणि त्यास अग्नि देतात, तो विधि. वडील सांगत कीं, देठ मोजण्याचें काम काकूनें दुसऱ्या कोणाला करूं दिलें नाहीं. दोनदां मोजले.

माझा जन्म त्यानंतरचा. मला आठवते ती पांढऱ्या पातळांतली काकू, दुपारचें जेवण आटोपल्यावर ती खतावणी मांडीवर घेऊन बसलेली. वडिलांना मागाहून केव्हां तरी त्या स्फोटाचें एक छापील चित्र मिळालें होतें. मागें धुराचा डोंगर, पुढें रस्त्यावर पाठमोऱ्या माणसांचा जमाव, आणि डाव्या कोपऱ्यांत काळी टोपी घातलेला एकजण अर्धवट वळलेला. वडिलांनीं तें कोऱ्या पानावर चिकटविलें नाहीं. पुढच्या पानावर चिकटविलें. कोपऱ्यांतला माणूस कोण, याविषयीं घरांत कोणी कधीं बोललें नाहीं. काकू मात्र आजोबांचें भिंग घेऊन त्या कोपऱ्यावर धरी.

वर्तमानपत्रांतलें छायाचित्र म्हणजे काय असतें, हें मीं त्या भिंगांतून शिकलों. मूळ चित्र जाळीच्या कांचेतून घेऊन त्याचे बारीक ठिपके करतात. काळोखाच्या जागीं मोठे ठिपके, उजेडाच्या जागीं लहान. मासिकाचा कागद गुळगुळीत, म्हणून त्यावर जाळी दाट चालते. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, शाई शोषणारा, म्हणून त्यावर इंचाला साठ-सत्तर ओळींची विरळ जाळी. हातभर अंतरावरून पाहावें तर माणूस दिसतो. नाक-डोळे ओळखावेत म्हणून भिंग जवळ न्यावें, तर माणूस नाहींसा होऊन ठिपके उरतात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मीं काकूला विचारलें, "काकू, हे काका का ग?" ती म्हणाली, "उभं राहण्याची ढब तशी आहे रे बाळ. पण टोपी ते सरळ घालीत." एवढेंच. भिंग पुसून तिनें डबींत ठेवलें. १९९८ त ती गेली, तोंवर हें उत्तर तिनें बदललें नाहीं. होय म्हणाली नाहीं आणि नाहींही म्हणाली नाहीं.

नात म्हणते, "आजोबा, आतां यंत्रानें पुसट चेहरेसुद्धां स्पष्ट करतां येतात. करून देऊं का?" तिनें मला एक नमुना करून दाखविला. कोपऱ्यांतल्या माणसाला नाक आलें, भुंवया आल्या, ओठसुद्धां आले. चेहरा फार सुरेख होता. मीं तिला विचारलें, "हे ओठ ठिपक्यांत होते का ग?" ती प्रामाणिक मुलगी आहे. म्हणाली, "नाहीं आजोबा, यंत्र आपल्या अंदाजानें भरतं." मग तें आम्हीं ठेवलें नाहीं. अमेरिकेंतल्या त्या निनांवी बाईला चेहरा होता आणि तिला नांव मिळावयास बेचाळीस वर्षें लागलीं. आमच्याकडे नांव आहे. त्याला दुसऱ्या कोणाचा चेहरा चिकटवावा, हें मला बरें वाटेना.

काकांचें एकही छायाचित्र घरांत नाहीं. लग्नांत फोटो काढण्याची ऐपत नव्हती. म्हणून वाचकांपाशीं एक मागणें आहे. कोणाच्या वाडवडिलांनीं १९४२ ते १९४४ च्या सुमारास मुंबईच्या गोदींत नोकरी केली असेल आणि त्या काळांतला कचेरींतल्या मंडळींचा एखादा समूहफोटो घरीं असेल, तर त्याची प्रत संपादकांमार्फत मजकडे धाडावी. मूळ फोटो टपालानें धाडूं नये. फोटोंतलीं जीं माणसें ओळखीचीं असतील त्यांचीं नांवें मागें लिहून ठेवावींत. शिसपेन्सिलीनें लिहावींत, शाई कालांतरानें पुढच्या बाजूस फुटते. आमचे काका उंच, किरकोळ अंगाचे, उजव्या भुंवईवर लहानपणच्या पडण्याची खूण असलेले होते. टोपी काळी, सरळ घातलेली. वय तेव्हां तेवीस.